डॉक्टरांची धाकटी गाडी

दवाखान्यात किस्से आपोआप साठतात. औषधाच्या रिकाम्या बाटल्यांसारखे! कुणी आणून ठेवल्या, कधी आणून ठेवल्या, पत्ता नसतो. एक दिवस कपाट उघडावं तर गच्च भरलेलं. ठाण्याला नौपाड्यात आमच्या डॉक्टरांकडे मी कंपाउंडर म्हणून लागलो तो स्वातंत्र्याच्या आसपास. पुढं कितीतरी वर्षं मिक्श्चरं ढवळली, बाटल्यांवर डोसाच्या खुणांची पट्टी चिकटवली आणि कान उघडे ठेवले. परवा तुम्ही गाड्यांचा विषय काढलात आणि मला डॉक्टरांची गाडी आठवली. सांगतो. फक्त मध्ये बोलू नका, मला तोडलेलं खपत नाही.

डॉक्टरांकडे लढाईच्या आधीची एक अमेरिकन गाडी होती. गाडी कसली, चार चाकांवरची ओसरीच! डॉक्टर, बाई, चार मुलं आणि वर एखादा पाहुणा, एवढे सगळे त्यात ऐसपैस बसत. गल्लीत ती वळवायची तर समोरच्या दुकानदाराला बाहेर मांडलेली पोती आत घ्यावी लागायची. बिचारा कधी कुरकुरला नाही. त्याच्या पाचही पोरांच्या गोवर-कांजिण्या डॉक्टरांनीच काढलेल्या!

*

म्हातारपणी ती गाडी हट्टाला पेटली. बटणावर सुरू व्हायची नाही, पुढून हँडल मारावं लागायचं. एका सकाळी हँडल उलटं फिरलं आणि डॉक्टरांच्या मनगटावर असं बसलं की पट्टा बांधायची वेळ आली. पट्टा मीच बांधला.

तशाच बांधल्या हातानं ते पेशंट तपासायला बसले. पहिलाच पेशंट बाळकुमचा एक म्हातारा शेतकरी. त्यानं जीभ दाखवायची सोडून डॉक्टरांच्या हाताकडे बघितलं.

“डागतर, हाताला काय झाला?”

“गाडीनं लाथ मारली,” डॉक्टर म्हणाले.

म्हातारा हळहळला. जरा पुढे सरकून, इकडेतिकडे बघत हळूच म्हणाला, “कनचा बैल मारका हाय? डावा का उजवा?”

मी हसू दाबायला आत पळालो. पण खरं सांगू, त्या दिवशी मला काळजीही वाटली. डॉक्टर साठीला टेकलेले. त्या मनगटावर त्यांचा सगळा धंदा. ते अधू झालं असतं तर लांबच्या खेड्यांत व्हिजिटला कोण जाणार होतं?

*

तेव्हा डॉक्टरांनी ठरवलं, आता लहान नवी गाडी. ठरवलं म्हणजे काय, जेवताना बाईंपुढे विषय काढला. मी तिथंच पानावर होतो, कारण गुरुवारी माझं जेवण त्यांच्याकडे असायचं.

घरात दोघंच उरलेली. थोरला अरविंद नागपुरात रेल्वेत, प्रभाकर दिल्लीला सरकारी नोकरीत, सुधा पुण्याला दिलेली, कुसुम इंदूरला. चार मुलांच्या कलकलाटाचं ते घर. आता भिंतीवरच्या घड्याळाचा आवाज ऐकू यायचा.

“दोन माणसांना एवढं धूड कशाला?” डॉक्टर म्हणाले.

“आणि सगळी एकदम आली म्हणजे?”

“अगं, एकदम कशी येतील? एकदम गेली का?”

चूक झाली! बोलताक्षणीच त्यांनाही कळलं. बाई कढीचं भांडं घेऊन आल्या. मला कढी वाढली, त्यांना वाढली नाही. पुढचे दोन दिवस घरात अबोला, आणि निरोपांची ने-आण माझ्याकडे. “दामले, डॉक्टरांना सांगा, पाणी तापलंय.” “दामले, बाईंना विचारा, टॉवेल कुठाय?” मी कंपाउंडर आहे, पोस्टमन नाही, हे सांगायची हिंमत कुणाला होती?

बाईंच्या मनातलं मला समजत होतं. मोठी गाडी दारात आहे तोवर मुलं नुसती बाहेरगावी गेलेली. ती विकली म्हणजे मुलं कायमची गेली, असं त्यांनी धरलेलं. वेड्यासारखं आहे. पण आईला कोण समजावणार?

*

तिसऱ्या दिवशी बाई स्वतःच म्हणाल्या, “बघू तरी कशी असते ती.” मुंबईहून एक एजंट छोटी गाडी घेऊन आला. टाय बांधलेला, गोड बोलणारा.

बाईंनी गाडीभोवती एक प्रदक्षिणा घातली आणि हुकूम सोडला, “दामले, बसा मागं. तुम्ही अरविंद.”

मी बसलो.

स्वयंपाकाच्या काकू सुधा झाल्या. शेजारचे निवृत्त मास्तर प्रभाकर. समोरच्या दुकानदाराला गल्ल्यावरून उठवून आणला, तो कुसुम! चांगला भारदस्त माणूस, मिशा ह्या एवढ्या. चौथा माणूस आत आल्यावर माझी बरगडी मास्तरांच्या कोपराशी बोलायला लागली.

“बाई,” एजंट घाम पुसत म्हणाला, “ही गाडी एकंदर चार-पाच माणसांचीच आहे.”

“मुलं झाली चार. आम्ही दोघं. आणि सुना-जावई? ते काय टपावर बसणार?”

तेवढ्यात मागून दुकानदाराचा केविलवाणा आवाज आला, “बाई, आधी कुसुमला बाहेर काढा हो!”

एजंट गेला. जाताना मला बाजूला घेऊन विचारत होता, “ह्यांच्याकडे लग्न आहे का कुणाचं?”

*

पण एजंटही चिवट. महिन्यानं दुसरी गाडी घेऊन हजर! ही तशीच लहान, परदेशातून आलेली, कोरी, आणि डिझेलवर चालणारी. तेव्हा डिझेल म्हटलं की लॉरी. आपल्याकडे लोक त्याला क्रूडच म्हणायचे. घरगुती गाडी क्रूडवर चालते हे आम्हाला नवलच होतं. डॉक्टर मात्र खूष! पेट्रोलपेक्षा खर्च कमी, इंजिन दणकट आणि मुख्य म्हणजे बटणावर सुरू. मनगटाला आराम.

“चालवून बघा,” एजंट म्हणाला. डॉक्टरांना त्या दिवशी डोंबिवलीच्या पुढं मानपाड्याला व्हिजिट होती. म्हटलं, त्याच गाडीतून जाऊ. पुढं डॉक्टर आणि एजंट, मागं मी आणि औषधांची पेटी.

आवाज काय विचारता! फक्-फक्-फक्-फक्! एजंट ओरडून गुण सांगत होता आणि डॉक्टर ओरडून “काय?” म्हणत होते.

मानपाड्यात एका घरासमोर गाडी उभी केली. डॉक्टर आत पेशंटकडे गेले. एजंटानं इंजिन मुद्दाम चालूच ठेवलं, लोकांनी बघावं म्हणून. बघता बघता बायका जमायला लागल्या. एक आली, दुसरी आली, पाच-सहा झाल्या. प्रत्येकीच्या डोक्यावर टोपली. एजंट टाय नीट करून उभा राहिला.

पहिलीनं टोपली त्याच्या पायाशी उतरवली. आत धुतलेले तांदूळ.

“भाऊ, बारीक दलून द्या. भाकरीला पायजेल.”

खेड्यात क्रूडच्या इंजिनावर काय चालायचं? पिठाची गिरणी! फकफक ऐकून सगळ्यांना वाटलं, फिरती गिरणी आली. एजंटानं बॉनेट उघडून दाखवलं, शपथ घेतली, तरी एक आजी हलायला तयार नाहीत. शेवटपर्यंत म्हणत होत्या, “मी पयली आलेली, माझा नंबर हाय!”

*

मला वाटलं, संपलं. आवाज ऐकला की बाई ही गाडी फाटकाच्या आतसुद्धा घेणार नाहीत. आम्ही परत आलो तेव्हा त्या दारातच उभ्या होत्या.

“चहा ठेवलाय,” म्हणाल्या.

“तुला कसं कळलं आम्ही आलो ते?” डॉक्टरांनी विचारलं.

“कळलं म्हणजे? पार कोपऱ्यापासून ऐकू येत होतं!”

डॉक्टर ओशाळले. “हो, आवाज जरा जास्तच आहे. नको म्हणून सांगतो त्यांना.”

बाई गाडीकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, “असू दे. दिवसभर घर कसं खायला उठतं. कुणीतरी येतंय असा आवाज तरी होईल.”

एजंटाला काही कळलं नाही. त्यानं वहीवर सही घेतली. डॉक्टरांनी सही करायच्या आधी चष्मा काढून पुसला, हे मी बघितलं.

*

आता जुनी गाडी विकायची. गिऱ्हाईकं येत, पण बाई एकालाही उभं करत नव्हत्या. एक कंत्राटदार आला, त्याला वाळूच्या पाट्या वाहायच्या होत्या. त्याला चहासुद्धा मिळाला नाही! एक वकील आला; बायको-मुलं नाहीत, एकटा जीव. बाई म्हणाल्या, “एकट्याला काय करायचीय? सायकल घ्या.”

शेवटी बाळकुमचा पाटील आला. जमीनजुमल्याचा, खाडीकाठी मिठागरात वाटा असलेला, पांढरं शुभ्र धोतर. तो गाडीचे टायर बघायला वाकला, तर बाई त्यालाच तपासायला लागल्या.

“मुलं किती तुम्हाला?”

“नव हान, बाय.”

“घेऊन या.”

“क्काय?”

“मुलं घेऊन या. बघितल्याशिवाय गाडी मिळणार नाही.”

आयुष्यात मुलगी दाखवायचे कार्यक्रम पुष्कळ बघितले; गाडीसाठी पोरं दाखवायचा हा एकच! दुसऱ्या दिवशी पाटील नऊच्या नऊ घेऊन आला. तेल लावून भांग पाडलेली, थोरली सतराची, धाकटं कडेवर. बाईंनी सगळ्यांना लाडू दिले, आपल्या हातानं गाडीत बसवलं. नऊ पोरं, पाटील, पाटलीण, सगळी मावली. पाटलाचा पुतण्या गाडी चालवायला बसला.

गाडी वळली, तेव्हा दुकानदारानं सवयीनं पोती आत घेतली. पोरांनी आतून असा गलका केला की अख्खी गल्ली बाहेर आली.

बाई पाटलाला म्हणाल्या, “सांभाळा हो.”

पाटलाला वाटलं, पोरांबद्दल म्हणतायत. “अवो, त्या काय,” तो म्हणाला, “आनखी एक येनार हाय!”

*

बरोबर सहा महिन्यांनी डॉक्टरांची साठीशांत आली. आणि त्या आठवड्यात तार! चारही भावंडं आधी पुण्याला सुधाकडे जमली होती, तिथून सगळी मिळून रविवारी सकाळच्या गाडीनं ठाण्याला येणार. सुना, जावई, नातवंडं धरून अकरा माणसं.

डॉक्टरांनी तार वाचली आणि खुर्चीत बसले. दारात त्यांची ती धाकटी गाडी. मोठी गाडी विकून जेमतेम सहा महिने होतायत तोच सगळी एकदम! आता बाई काय म्हणतील? मला खुणेनं विचारलं, “सांगायचं का?” मी म्हटलं, “न सांगून काय करता? अकरा माणसं लपवणार कुठं?”

बाईंनी तार दोनदा वाचली. म्हणाल्या, “अनारशाचं पीठ काढायला हवं.” बस! गाडीबद्दल अवाक्षर नाही. डॉक्टरांना तर त्याचीच जास्त भीती वाटली.

रविवारी आम्ही स्टेशनवर. मी सामानासाठी दोन टांगे ठरवलेले. पुण्याची गाडी आली आणि अकरा माणसं उतरली. रडणं, हसणं, पाया पडणं! कुसुमनं तर आईला मिठीच मारली, भर फलाटावर. घर काही लांब नव्हतं, रमतगमत दहा मिनिटं. अरविंद म्हणाला, “आम्ही पुरुष चालत येतो की.”

“कुणी चालायचं नाही,” बाई म्हणाल्या. “गाडी आहे आपली.”

प्रभाकर म्हणाला, “मग पोरांना मांडीवर घेतो.”

“कुणी कुणाच्या मांडीवर बसायचं नाही. नीट ऐसपैस बसा.”

म्हणजे मागं तीन माणसं, पुढं डॉक्टर आणि शेजारी बाई. पहिल्या खेपेला गाडी अरविंदची बायको आणि दोन मुलं घेऊन गेली. फक्-फक् करत गेली, तशीच फक्-फक् करत परत आली. पुढच्या सीटवर बाई होत्याच! घराच्या उंबऱ्याशी तिघांवरून तुकडा ओवाळून टाकला आणि त्याच पावली परत येऊन बसल्या होत्या.

दुसऱ्या खेपेला सुधा, तिचा नवरा आणि मुलगा मागं बसले. मी टांग्यावर सामान चढवत तिथंच उभा होतो. डॉक्टर बाहेर उरलेल्यांकडे बोट करून मोजत होते. मग खिडकीतून मान आत घालून म्हणाले,

“अगं, तू इथं उतर. दामल्यांबरोबर टांग्यातून ये. तू उतरलीस की दर खेपेला एक माणूस जास्त बसेल. अख्खी एक फेरी वाचते!”

बाईंनी दार आतून घट्ट ओढून घेतलं.

“म्हणून तर उतरत नाही!”