वाघखारच्या नकाशाचं पुढचं दार

भाविका घरतला राग येतो, हे उरणच्या एस.टी. स्टँडवरच्या रिक्षावाल्यांनाही ठाऊक आहे. स्टँडसमोर तिचं टपरीएवढं दुकान. सातबारा काढून देणं, पॅनकार्ड, दाखले, असली कामं. काउंटरवर कुणी "ए पोरी, जरा हात चालव" म्हणालं, की ती हात थांबवते, आधी त्या माणसाला चार शब्द सुनावते आणि मगच काम करते. माणूस शिव्या देत जातो आणि पुढच्या वेळी तिच्याकडेच येतो, कारण तिचं काम चोख असतं.

तिचे आजोबा मिठागरावर राबले. ते मिठागर भरावाखाली गेलं, तेव्हा वडिलांनी ट्रेलरचं स्टिअरिंग धरलं. भाविका शिकली, बेलापूरला एका नकाशांच्या कंपनीत लागली. कंपनीनं कामच बाहेरच्या शहरात नेलं, तशी ही उरणजवळच्या वाघखारला घरी परत आली. दुसऱ्यांच्या गावांचे नकाशे करत होती, आता आपल्या गावाचा करीन म्हणाली. लोक हसले. हसेनात का!

पण मग किनाऱ्याचा नवा आराखडा आला आणि हसणं बंद झालं. आराखड्यात वाघखारच्या खाडीतला सगळा चिखल पांढरा दाखवला होता आणि वर लिहिलं होतं, 'विनावापर'. म्हणजे उद्या कुणी तिथं भराव टाकून ट्रकांचा तळ केला तरी कुणाचं काही जात नाही! त्या चिखलात गावातल्या बायका पिढ्यान्‌पिढ्या चिंबोऱ्या धरतात, खुबे वेचतात. विनावापर म्हणे. भाविकानं तो कागद वाचला आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

अलिबागला सुनावणी होणार होती. तिथं दाखवायचा तर गावाचा स्वतःचा नकाशा हवा. गावकी बसली, समिती झाली आणि अध्यक्ष झाले नामाभाऊ. माणूस वाईट नाही, पण माईक दिसला की त्यांना राहवत नाही. समाजमंदिराच्या मागच्या खोलीत एक जुना कॉम्प्युटर बसवला, त्यावर भाविकानं नकाशाचा सर्व्हर टाकला. इंटरनेटचं कनेक्शन नामाभाऊंच्या नावावर घेतलं. बांध, बांधातल्या पाणी सोडायच्या उघाड्या, जाळी सुकवायच्या जागा, सगळं भरून झालं. राहिल्या बायकांच्या चिखलातल्या जागा.

आणि इथंच खरी अडचण होती. वाघखारला चिंबोऱ्यांची जागा तोंडानं सांगत नाहीत. सासू ती सुनेला चालत नेऊन दाखवते, एकदाच, आणि ज्या दिवशी दाखवली त्या दिवसापासून सासू घरी बसते. दाखवली म्हणजे दिली. म्हणून म्हाताऱ्या दाखवायला धजत नाहीत. आवडाबाईचंच बघा. सगळ्यात मोठी जागा तिची. सून नूतन घरात येऊन कैक वर्षं झाली, तिची पोरं कॉलेजात गेली, पण आवडाबाई अजून पहाटेची ओहोटी बघून चिंबोरी ओढायची आकडी घेऊन एकटीच निघते. गुडघे कुरकुरतात, पण जाते.

त्या आवडाबाईनं भाविकाला चिखलात नेलं. परत येताना बांधावर पाय धुता धुता म्हणाली, "तू घरातली न्हाय, म्हनून तुला दावली. ही मोजनी झाली, देनं न्हाय. नूतनला कलता कामा नये. मी जिती हाय तवर न्हाय."

"काकी, शब्द देते. गावालासुद्धा दिसणार नाही," भाविका म्हणाली. मग बाकीच्या बायकांनीही आपापल्या जागा दाखवल्या. आवडाबाईनं दाखवली, मग काय भ्यायचं!

आता हा शब्द पाळायचा कसा, तर त्यासाठी भाविकानं सर्व्हरच्या पुढे रिव्हर्स प्रॉक्सी बसवायला घेतली. नाव जड आहे, काम साधं आहे. घरात ओटीवर कर्ता माणूस बसलेला असतो ना, तसं. बाहेरचा येतो, हवं ते मागतो. कर्ता ठरवतो, देण्यासारखं असेल तर स्वतः आत जाऊन आणून देतो. नसेल तर तिथूनच वाटेला लावतो. पाहुणा माजघरात शिरत नाही. भाविकाची प्रॉक्सी तशीच. गावाचा नकाशा मागितला तर द्यायचा, चिखलावर एक हिरवा पट्टा दाखवायचा. बायकांच्या नावानिशी जागा फक्त सुनावणीच्या साहेबांना, पासवर्ड घेऊन.

सगळं बसवलं. खोलीतल्या कॉम्प्युटरवर नकाशा झक्क उघडला. बाहेर मोबाइलवर बघितलं, तर नुसते पांढरे चौकोन! नाव दिसतंय, मोठंलहान करायची बटणं दिसताहेत, नकाशाचा पत्ता नाही. भाविकानं स्वतःच्याच कपाळावर हात मारला. सर्व्हरला आपल्यापुढे कुणी बसलंय हे सांगायचंच राहिलं होतं. प्रॉक्सी त्याच मशीनवरून विचारायची, म्हणून तो आपला प्रत्येकाला घरातला पत्ता देत होता, 'इथंच आहे, या मशीनवर'. बाहेरचा मोबाइल मग नकाशाचे तुकडे स्वतःच्याच पोटात शोधत बसे. कुठून मिळणार? सर्व्हरच्या सेटिंगमध्ये गावाचा बाहेरचा पत्ता भरायचा आणि प्रॉक्सीला तो पुढे कळवायला सांगायचं, एवढंच होतं. पण तेवढ्यात दुकानावर दाखल्यांची रांग लागल्याचा फोन आला, आणि ती नामाभाऊंना "संध्याकाळी करते, कुणी हात लावू नका" असं बजावून गेली.

हात लावू नका! वाघखारात हे कुणाला सांगून उपयोग आहे का?

नामाभाऊंना सुनावणीची घाई. त्यांचा मुलगा प्रणय कंटेनर यार्डाच्या ऑफिसात कॉम्प्युटर बघतो. पोरगा हुशार, पण बापासारखाच उतावळा. कनेक्शन बापाच्याच नावावर, त्यानं समाजमंदिरातल्या राऊटरमधून एक वाट काढली आणि मोबाइल थेट आतल्या सर्व्हरला भिडवला. पुढच्या दाराचं कामच नाही! थेट विचारल्यावर सर्व्हरनं पत्ताही बरोबर दिला आणि नकाशा रंगांसकट उघडला. नामाभाऊंनी ती लिंक लगेच गावकीच्या ग्रुपवर टाकली. खाली लिहिलं, 'आपला नकाशा चालू झाला. सर्वांनी पाहावा.'

सर्वांनी पाहिला.

भाविकानं कुलूप फक्त पुढे लावलं होतं. आत काहीच नव्हतं, आपल्याच खोलीतल्या मशीनला कशाला, असं तिला वाटलं होतं. गावातली घरं अशीच असतात, पुढच्या दाराला कडी आणि आतल्या दारांना पडदा. तेव्हा थेट आत शिरलेल्या प्रत्येकाला सगळंच दिसलं. हिरव्या पट्ट्यावर ठिपके आणि ठिपक्यांवर नावं. सगळ्यात मोठ्या ठिपक्यावर आवडाबाई. आणि ग्रुपात नूतन होती.

भाविका दुकानातून धावत समाजमंदिरात आली. राऊटरमधली प्रणयची वाट आधी बंद केली, मग नामाभाऊंसमोर उभी राहिली.

"कुणाला विचारून केलंत हे?"

"अगं, उघडला ना नकाशा? तुझ्यानं होत नव्हतं, पोरानं केलं. त्यात एवढं तणतणायचं काय?"

"त्या बायकांना मी शब्द दिला होता!"

"गावापासून लपवाचा काय त्यात? गावाचा नकाशा, गावानं बघितला."

"गावाचा? चिखलात कंबरेएवढं रुतायला गाव जातो का? तुम्ही कधी गेलात? चिंबोरी ताटात आली की तुम्हाला गाव आठवतो!" तिचा आवाज रस्त्यापर्यंत जात होता आणि तिला त्याचं काही नव्हतं. प्रणय मध्येच पुटपुटला, "ताई, मला काय माहीत आत काय हाय ते. पप्पा बोलले चालू कर." त्याच्या तोंडाकडे बघून तिचा राग आणखी वाढला, कारण तो खरं बोलत होता. आत दुसरं कुलूप लावायला हिचे हात काय मोडले होते? नामाभाऊंवर ओरडता ओरडता ती स्वतःवरही ओरडत होती.

मग ती मशीनसमोर बसली आणि जे करायचं राहिलं होतं ते केलं. बाहेरचा पत्ता भरला, आतल्या ठिपक्यांना वेगळं कुलूप घातलं, सर्व्हरला फक्त प्रॉक्सीशीच बोलायची ताकीद दिली. बाहेर जाऊन मोबाइलवर पाहिलं. नकाशा उघडला, हिरवा पट्टा दिसला, ठिपका एकही नाही. अगदी हवं तसं. आणि तिला रडू फुटलं, कारण आता त्याचा काय उपयोग होता?

आवडाबाईच्या घरी ती गेली, तर म्हातारी पडवीत पाठ फिरवून बसलेली. नूतन भांडी घासत होती, म्हणजे आपटत होती.

"वहिनी, माझं चुकलं," भाविका म्हणाली.

"तुजा कनाला चुकतंय?" नूतननं मान वर केली नाही. "तू तर मोठी मानूस. मी या घरात जन्म घातला, यांची दुखनी काढली. आनि माज्या सासूची जागा मना मोबाइलवर कलते? तुला दावली, मशीनला दावली, मना न्हाय!"

आवडाबाई भिंतीकडे बघूनच म्हणाली, "शब्द दिलावतास ना गो पोरी?" भाविका उंबऱ्यावरूनच परत फिरली.

सुनावणीच्या दिवशी करंजाहून रेवसला जाणाऱ्या लाँचमध्ये सासू एका टोकाला, सून दुसऱ्या टोकाला. मध्ये गाव. एरवी लाँचमध्ये चढल्या चढल्या डबे उघडणाऱ्या बायका, पण त्या दिवशी डबे पिशव्यांतच राहिले. नामाभाऊ तेवढे भाषणाची तयारी करत होते.

अलिबागच्या त्या सभागृहात भाविकानं पडद्यावर नकाशा उघडला. एकही पांढरा चौकोन आला नाही. समोरच्या आराखड्यातला विनावापर चिखल आणि वाघखारचा हिरवा चिखल शेजारी शेजारी दिसले. नामाभाऊ माईकवर भरपूर बोलले. सुनावणी घेणारे साहेब शांत माणूस, त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "पट्टा कुणीही रंगवेल. नेमकं कोण जातं, कुठं जातं?"

भाविकानं पासवर्ड टाकून ठिपके उघडले, पडद्यावर नाही, फक्त साहेबांच्या लॅपटॉपवर. त्यांनी चष्मा सावरून ते नीट पाहिले आणि सगळ्यात मोठ्या ठिपक्यावर येऊन थांबले.

"आवडाबाई कोण?"

म्हातारी उठली. साहेबांनी तिच्याकडे बघितलं, तिच्या गुडघ्यांकडे बघितलं.

"आजी, तुमच्यानंतर तिथं कोण जाणार? कुणीच नसेल तर मला लिहावं लागेल की वापर संपत आलाय. मग हा पट्टा टिकणं अवघड आहे."

"सून हाय," आवडाबाई म्हणाली.

"सूनबाई आल्यात का?"

नूतन मागच्या रांगेत उभी राहिली. तिचा चेहरा तापला होता. "आलेय. पन मना ती जागा ठाव न्हाय साहेब. मना कोनी दावलीच न्हाय."

सभागृहात कुजबुज झाली. नामाभाऊंनी डोक्याला हात लावला. पुढच्या रांगेतला आराखडेवाल्यांचा वकील लगेच काहीतरी लिहू लागला आणि भाविकाला वाटलं, उठून त्याचं पेन मोडावं. पण नूतननं खोटं काय सांगितलं होतं? गेलं. नकाशा असूनही खाडी हातातून गेली.

आवडाबाई तशीच उभी होती. मग ती पाय ओढत पुढे गेली आणि तिनं नामाभाऊंसमोरचा माईक दोन्ही हातांनी धरला. साहेबांकडे तिनं बघितलंच नाही. ती मागच्या रांगेकडे बघून बोलू लागली.

"नूतन, ऐक. जुन्या मिठागराची उघाडी हाय ना, तितून पानी उतरला का डाव्या अंगानं जावाचा. मोडका बांध लागतंय. त्याच्या पुढं तिवरांची जाली..."

म्हातारी तोंडानं सांगत होती! जे सुनेला चालत नेऊन दाखवायचं, ते माईकवर, साहेबांसमोर, वकिलासमोर. तो वकील मान खाली घालून शब्दन्‌शब्द टिपत होता. नामाभाऊ आनंदानं टाळ्या वाजवायला लागले, आणि त्यांचं बघून गावही.

"गप बसा!" भाविका जागेवरून किंचाळली. "टाळ्या कसल्या वाजवताय? लाज वाटते का?"

टाळ्या थांबल्या. आवडाबाईला त्याचं भान नव्हतं. "त्या जालीच्या बुडाशी पाय टाकला का चिखल घट लागतंय, मंग तितून..."

पण तोवर नूतन रांगांमधून वाट काढत पुढे पोचली होती. तिनं माईकवर आपला तळवा गच्च दाबला. तिचे डोळे वाहत होते.

"बस, आय. पुढचा बोलू नका. पुढचा मना चिखलात दावा."

मग ती साहेबांकडे वळली, हात माईकवरून न काढता, मोठ्यानं.

"लिवा साहेब. आवडाबाईच्या मागं तिची सून जानार हाय. माजा नाव नूतन. आनि जागा कुटं हाय ते इचारू नका."