खिडकीकडे तोंड केलेले शिंपले

तिच्या नवऱ्याला भिंत सपाट लागायची. तो रंगारी होता, आणि भिंतीवरून तळहात फिरवला तर तो कुठेही अडखळता कामा नये, एवढंच त्याचं शास्त्र. तिचे मात्र कोरी, गुळगुळीत भिंत दिसली की हात शिवशिवायचे. लग्नानंतर ती त्याच्या मदतीला कामावर जाऊ लागली आणि एका दवाखान्याच्या पॅसेजमध्ये तिने ओल्या पुट्टीवरून सहज एक जुना कंगवा ओढून बघितला. नवऱ्याने कपाळाला हात लावला. डॉक्टरीणबाईंनी बाहेर येऊन पाहिलं आणि सगळा पॅसेज असाच करा म्हणाल्या. तेव्हापासून एका घरात दोन धंदे झाले, त्याचा गुळगुळीत आणि तिचा खडबडीत.

पंधरा वर्षांत तिने भिंतींवर लाटा उठवल्या, चटईची वीण उमटवली, छतांवर पाकळ्या काढल्या. लोक तिला नक्षीवाल्या बाई म्हणू लागले. कुणी कामाची तारीफ केली तर ती "हो, चांगलं झालंय" म्हणून मोकळी व्हायची. उगाच लाजणं तिला जमायचं नाही.

एकदा एका निवृत्त नर्सबाईंच्या भाचीचा फोन आला. वरच्या मजल्यावरचा पाइप फुटून मावशीच्या खोलीचं छत भिजलं होतं आणि टेबलाएवढा तुकडा खाली आला होता. नशीब, पलंगावर नाही पडला. मावशीचं खुब्याचं हाड मोडलेलं, त्यामुळे त्या तीन महिने पलंगावरच होत्या.

नवराबायको दोघंही बघायला गेली. छतभर शिंपल्यांची नक्षी होती, एकाला एक खेटून, चाळीसेक वर्षांपूर्वी कुणी कारागिराने केलेली. नवरा म्हणाला, सगळं खरवडून सपाट करू, तीन दिवसांत मोकळे. नर्सबाईंनी पडल्या पडल्याच नकार दिला.

"तेवढाच तुकडा भरते," ती म्हणाली. "जोड दिसणार नाही."

नवऱ्याने तिच्याकडे असं पाहिलं, की बोलायच्या आधी जरा विचार करत जा. तिने लक्षच दिलं नाही.

पलंग भिंतीला सरकवला. पहिल्या दिवशी तिने खड्डा भरून घेतला. दुसऱ्या दिवशी वर घट्ट मिश्रण थापलं, राठ केसांचा रुंद ब्रश त्यात टेकवून मनगटाला अर्धा फेरा दिला आणि एकामागून एक बारा शिंपले उमटवले. काम झकास झालं, असं मनाशी म्हणत ती शिडीवरून उतरली.

"तुमचे दाराकडे बघतायत," पलंगावरून आवाज आला. "बाकीचे सगळे खिडकीकडे बघतात."

तिने वर पाहिलं. तिला काही फरक दिसेना. नर्सबाई म्हणाल्या, उभ्याने नाही दिसायचं, इथे यावं लागेल. मग ती सरळ पलंगाशेजारी फरशीवर उताणी झोपली. आणि दिसलं. प्रत्येक जुन्या शिंपल्याच्या रेघा दाराच्या बाजूला जाड होत्या आणि खिडकीकडे जाता जाता बारीक होत होत्या. तिचे बाराच्या बारा शिंपले नेमके उलटे. दोघी बायका बराच वेळ शेजारी शेजारी पडून छत बघत राहिल्या. भाची चहा घेऊन आली ती दारातच थबकली.

मिश्रण ओलं होतं तोवर तिने ते खरवडून टाकलं आणि पुन्हा थापलं. शिडी फिरवून विरुद्ध बाजूने काढून पाहिलं. रेघा जमल्या, पण शिंपले डोक्यावर उभे राहिले. मनगट मागे वळवून पाहिलं. फेऱ्यात जोर येईना, रेघा तुटायला लागल्या. तेव्हा तिच्या डोक्यात प्रकाश पडला.

"हे काढणारा कारागीर डावखुरा होता," ती म्हणाली.

"मग आता?"

"मला आठ दिवस द्या."

"घ्या की. मी कुठे पळून जाणार आहे?"

घरी जिन्याखाली उतरतं छत होतं. ते तिने सरावाला घेतलं. रोज सकाळी मिश्रण थापायचं, डाव्या हाताने शिंपले काढायचे, पुसायचे, पुन्हा काढायचे. पहिल्या दिवशी जे निघालं त्याला शिंपला म्हणणं धाडसाचं होतं. दात घासायला, जेवायला, कुलूप उघडायलासुद्धा तिने डावा हात लावला. मुलीला जेवताना हसू आवरत नसे. नवरा जिन्याखालून वाकून जाताना काहीतरी बोले, पण चौथ्या दिवशी तो थांबून बघत राहिला. सहाव्या दिवशी फेरा मनगटातून आपोआप सुटला. ती आणखी दोन दिवस थांबली, कारण आठ दिवस सांगितले होते.

नर्सबाईंच्या खोलीत तिने वाळलेला थर खरवडून नवं मिश्रण थापलं आणि डाव्या हाताने बारा शिंपले काढले. मध्ये एकदाही थांबली नाही. उतरल्यावर तिने "कसं झालं" असं विचारलं नाही, ब्रश धुवायला घेतला. नर्सबाईंची नजर छताच्या एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात सावकाश फिरत राहिली.

"आता बघतायत खिडकीकडे," त्या म्हणाल्या.

वाळल्यावर सगळ्या छताला पांढऱ्या रंगाचा हात द्यायला नवरा आला. रंग सुकला, तसा तो मान वर करून म्हणाला, आपल्या नजरेतून काही सुटत नाही, जोड इथे आहे. त्याने बोट दाखवलं ते चाळीस वर्षांपूर्वीच्या शिंपल्यावर. नर्सबाई इतक्या हसल्या, की खुब्यात कळ आली आणि भाचीला उशी नीट करावी लागली.

त्यानंतर जुन्या छतांची कामं तिच्याकडे येऊ लागली. पुष्कळदा नवराच ती आणतो आणि जोड दिसणार नाही म्हणून स्वतःच सांगून टाकतो. मोठी छतं ती आता दोन्ही हातांनी करते. उजवा खांदा भरून आला, की ब्रश डाव्या हातात घेते आणि काम पुढे चालू राहतं.