पाठमोरे सर

सर कॉम्प्युटरकडे पाठ करून बसत. त्यांना बोलावलेलं असे कॉम्प्युटरसाठीच, पण आल्या आल्या ते खुर्ची फिरवत आणि आपल्या तोंडाकडे बघत विचारत, "मले मराठीत सांग, तुले काय पाहिजे?" ते नीट सांगून होईपर्यंत की-बोर्डला हात लावायचा नाही, हा त्यांचा नेम. त्यांचं आडनाव आमच्याकडे कोणी वापरलंच नाही. सगळ्यांसाठी ते पाठमोरे सर.

आमच्याकडे म्हणजे धरमपेठेतल्या वधू-वर सूचक मंडळात. मंडळ काकूंचं. ऐंशीचं दशक सरत आलं होतं आणि काकूंनी हौसेनं कॉम्प्युटर घेतला होता. त्यातला डेटाबेस फ्लॉपीत मावेल एवढाच, पण त्याचा थाट काय वर्णावा! उन्हाळ्यात कूलर त्याच्याकडे तोंड करून, आम्ही आपले घामाघूम. मी तिथली ऑपरेटर होते. मुला-मुलींची माहिती भरायची आणि आईवडील आले की त्यांच्या अपेक्षेप्रमाणे स्थळं शोधून द्यायची, हे माझं काम. आणि ते मला मनापासून आवडायचं.

फक्त मशीन जाम हळू होती. प्रश्न टाकला की पाहुण्यांचा चहा व्हायचा, मुलाच्या पगारावरून नवरा-बायकोचं भांडण व्हायचं, ते मिटायचंसुद्धा, आणि पडदा आपला काळाच. काकू वैतागून म्हणाल्या, "यापेक्षा माझी जुनी कार्डं काय वाईट होती?" म्हणून सरांना बोलावलं. ते एका सरकारी कचेरीत पगाराचे प्रोग्रॅम लिहून निवृत्त झालेले.

सरांनी खुर्ची फिरवली, तर्रीपोह्यांची बशी मांडीवर घेतली आणि मला विचारलं, "तू सगळ्यात आधी काय विचारते?"

"सुस्वरूप आणि गृहकृत्यदक्ष," मी म्हणाले. काकूंच्या अर्जात ते पहिलेच रकाने होते.

सर इतके हसले की तर्री सांडली. "अवं, आपल्या पोरीले कुरूप कोण लिहीन? या प्रश्नानं एक तरी नाव गळते का? आधी वय विचार, शिक्षण विचार. ज्यानं जास्त लोक गळतात ते पहिले." मग त्यांनी वयाचा इंडेक्स करून दिला. इंडेक्स म्हणजे काय, तर म्हणाले, "मेळाव्यात नाव घेऊन हाक मारायची सोडून तुही मशीन एकेकाच्या तोंडापाशी जाऊन 'तूच का, तूच का' करत फिरून राहिली आहे." त्या दिवसापासून उत्तर चहा यायच्या आत मिळू लागलं. काकूंनी सरांना संत्रा बर्फीचा डबा दिला.

सर मात्र खूश नव्हते. उत्तर लवकर आलं की त्यांचा संशय वाढायचा. "कोणाले उत्तर भेटतच नाही, असं आहे का कोणी?" त्यांनी विचारलं.

काकू पटकन म्हणाल्या, "ही आहे ना, आमचीच!"

खरं होतं. माझंही नाव त्या डेटाबेसमध्ये होतं आणि माझ्यासाठी उत्तर कायम एकच यायचं, शून्य स्थळं. मंडळात त्यावरून चेष्टा चालायची. मीही हसायचे, पण घरी आल्यावर हसू टिकायचं नाही. त्यातच मामांनी परस्पर कळमेश्वरचं एक स्थळ आणलं होतं. मुलगा कारखान्यात सुपरवायझर, माणसं चांगली, पण लग्नानंतर मला नोकरी सोडावी लागणार, असं मामांनी सांगितलं होतं. आईला रविवारी होकार कळवायचा होता. दुसरं स्थळ कुठे होतं म्हणून मी नाही म्हणू?

सरांनी माझी माहिती काढायला लावली. गोत्राचा रकाना रिकामा होता. आमचं घर कुहीकडचं, शेतकऱ्याचं. आमच्यात कोणी गोत्र विचारलंच नव्हतं, म्हणून मी तो भरला नव्हता. आणि प्रोग्रॅममध्ये नियम होता, सगोत्र असेल तर गाळा. सर टाळी वाजवून म्हणाले, "तुहं गोत्र रिकामं, म्हणून मशीननं ते ज्याच्या-त्याच्याशी जुळवून टाकलं. साऱ्या विदर्भातले पोरं तुहे भाऊ करून ठेवले हिनं!" त्यांनी प्रोग्रॅममध्ये एक ओळ वाढवली. रकाना रिकामा असेल तर गाळायचं नाही, विचारायचं.

पडद्यावर माझ्यासाठी नावंच नावं आली. काकूंनी पुन्हा बर्फीचा डबा काढला. सरांनी मात्र माझी खुर्ची फिरवली, माझीही पाठ कॉम्प्युटरकडे झाली. "आता सांग. तुले काय पाहिजे?"

"मला नोकरी सोडायची नाही," मी म्हणाले. इतक्या दिवसांत हे मी कोणाला सांगितलंच नव्हतं.

"मंग त्या कळमेश्वरच्या पोराले विचारलं?" त्या स्थळाचं त्यांना काकूंकडून कळलं होतं.

"मामा म्हणाले, त्यांना नकोच असेल."

"मामा म्हणाले. पोरगा काय म्हणाला?"

"त्याला कोणी विचारलं नाही."

"मंग तुमीबी मशीनसारखंच करून राहिले," सर म्हणाले. "रिकामं दिसलं की आपल्या मनानं भरता."

शनिवारी तो मुलगा आईवडिलांबरोबर घरी आला तेव्हा मी चहा ठेवला आणि सगळ्यांसमोर विचारलं. मामांनी कपाळावर हात मारला. मुलगा गोंधळून म्हणाला, "मी शिफ्टमध्ये राहतो. तुम्ही दिवसभर घरी बसून काय करून राहणार? आणि नोकरी सोडा असं म्हटलं कोणी?" सगळे मामांकडे बघायला लागले.

आमच्या लग्नात सर स्टेजकडे पाठ करून बसले होते. मी नंतर भांडले तर म्हणाले, "जेवणारे खूश आहेत का, ते पाहून राहिलो होतो."

काही वर्षांनी ते मुलाकडे भोपाळला कायमचे निघाले. निरोप घ्यायला मंडळात आले, मी अजून तिथेच होते. त्या दिवशी प्रथमच ते आमच्याकडे पाठ करून कॉम्प्युटरसमोर बसले. बराच वेळ हलले नाहीत. काकूंनी मला खुणावलं, राहू दे, काही तपासत असतील. पण लाईट गेलेली होती, मशीन बंद होती.

मी पुढे होऊन विचारलं, "सर, रडताय का?"

"हो वं," ते म्हणाले. "विचारलं, हे चांगलं केलं."