वहिनींचं नागपूर, आता दीड तासावर

मंडळी, आज सकाळी वहिनींना उजळाईवाडीच्या विमानतळावर सोडून आलो. पंचाहत्तरी ओलांडलेली बाई, पहिल्यांदाच विमानात, तेही एकटी. नागपूरला त्यांचे थोरले बंधू दवाखान्यात आहेत.

त्यांच्याकडं फडक्यात बांधलेल्या दशम्या होत्या. मी म्हटलं, "अहो, सातशे किलोमीटर असलं तरी विमान दीड तासात पोचवतंय. एवढ्या दशम्या कशाला?"

"भाऊजी, तुमी गप बसा की. नागपूरला जायचं म्हटल्यावर दशम्या नकोत व्हय?"

मी ते फडकं त्यांच्या पिशवीत नीट ठेवलं. सत्तरच्या दशकात, मी कॉलेजात असताना, वहिनींचे वडील अत्यवस्थ असल्याची तार आली होती. वहिनींना घेऊन मीच निघालो. पुण्यात गाडी बदलली, मनमाडला फलाटावर ताटकळलो. तिसऱ्या दिवशी पोचलो, तर सगळं उरकलं होतं. दशम्यांची गाठसुद्धा सुटली नव्हती.

माहेर लांब पडलं म्हणून ही बाई पुढं कधी एका शब्दानं कुरकुरली नाही. उलट आमची बोली अशी उचलली, की माहेरचे चाट पडले.

मला विमानाचं कधी कौतुक नव्हतं. आज मात्र ते दिसेनासं होईपर्यंत कुंपणापाशी उभा होतो.

दुपारी वहिनींचा फोन आला. "पोचले. दादा शुद्धीवर हाय."

"बोलले काय?"



"बोलला की. म्हणला, एवढ्या लवकर कशी आलीस?"