दुपट्ट्याखालचा सौदा
खांद्यावरचा दुपट्टा कितीही धुतला तरी बैलांचा वास जात नाही, आणि तो वास आला की मला लेक आठवते. बैलबाजारात भाव तोंडाने नाही, दुपट्ट्याखाली बोटं दाबून ठरतो; याच बोटांवर मी बालाघाटात घर उभं केलं. लेक संशोधनासाठी परदेशी निघाली, म्हणून मी अबोला धरला होता. ती ओट्यावर शेजारी येऊन बसली तेव्हा मी खेकसलो, "पेशी कशा मरतात हे पाहाले इतक्या दूर काहून जाऊन राह्यली?" तिने माझा पंजा हातात घेतला. "बाबा, आईच्या पोटात तुमचा हात बदकाच्या पायासारखा जुळलेला होता. मधल्या पेशींले निरोप आला, त्या गुपचूप मेल्या, म्हणून बोटं सुटली अन् तुमचा धंदा चालला. तो निरोप चुकला तर रोग होते. मले तो समजून घ्याचा आहे." मग माझाच दुपट्टा हातांवर ओढून तिने माझी चार बोटं दाबली. चार वर्षं. मी दोन दाबली. "दोन वर्षांत तर गोऱ्हाही नांगराले येत नाही, बाबा." तिनावर सौदा ठरला. ती मुदत केव्हाच उलटली. माझा सौदा मोडणारी ती एकटीच, आणि फोनवर मी अजून त्यावरून भांडतो. यंदा ती आली तेव्हा दोघांच्या हातांवर दुपट्टा मीच टाकला, आणि एकही बोट न दाबता तिचा हात नुसता धरून बसलो.