रत्नागिरीत मूलपेशींवर दहा मिनिटं

रत्नागिरीला मी आंबे खायला गेले नव्हते. आमच्या मंडळाने बोलावलं होतं. या मंडळात गणपती बसत नाही. मूलपेशींवर काम करणाऱ्यांची शिष्यवृत्ती संपत आली आणि प्रयोग संपला नाही, की हे मंडळ एखादं वर्ष सांभाळून घेतं. अट एवढीच, की आधी कुठल्या तरी गावात जाऊन आपलं काम दहा मिनिटं मराठीत समजवायचं, मग अर्ज करायचा. माझी शिष्यवृत्ती महिनाअखेर संपत होती. मी मूलपेशींपासून गुडघ्याची कूर्चा तयार करते, म्हणजे करू बघते. पेशी तिसऱ्या आठवड्यात मरतात.

शुक्रवारी सकाळी स्वारगेटहून एसटी धरली. ज्यांना कुंभार्ली घाट लागतो त्यांनी पुढची जागा घ्यावी आणि कराडला मिसळ खाऊ नये. मी दोन्ही उलटं केलं. चिपळूणच्या पुढे महामार्गाचं काम चालू आहे. ते चालूच असतं, त्यामुळे नऊ तास धरून चला. रत्नागिरीत स्टँडजवळ खोली मिळाली, पंखा आवाजासकट. बांगड्याची थाळी दोनशेच्या आत, सोलकढी मागाल तितकी. घाटाचा राग तिथे गेला.

शनिवारी सभागृहाच्या दारातला फ्लेक्स बघून थबकले. छापणाऱ्याला ओळ पुरली नव्हती. वर हातभर अक्षरांत ‘मूल’, खाली बारीक ‘पेशी संशोधक साहाय्य मंडळ’, त्याखाली परत मोठ्याने ‘मोफत मार्गदर्शन’.

पहिल्या रांगेत एक जोडपं फाइल घेऊन बसलं होतं. मी गुडघ्यावर बोलले. टाळ्या झाल्यावर त्यातल्या बाई उठल्या.

“मॅडम, गुडघ्याचं कळलं. आता मूल कधी होईल तेवढं सांगा. अलोऱ्याहून पहाटेच्या गाडीने आलोय.”

कुणी हसलं नाही. मंडळाचे सचिव चष्मा पुसायला लागले.

मग मीच म्हटलं, “ताई, फ्लेक्स चुकलाय. आमच्याकडे त्यावर काही नाही.”

“म्हणजे नाहीच?”

“नाहीच.”

“अकरा वर्षं झाली. सगळे मेले ‘पुढच्या महिन्यात बघू’ म्हणतात. नाही म्हणणाऱ्या तुम्हीच पहिल्या.” मग नवऱ्याकडे वळून म्हणाल्या, “चला हो. आलोच आहोत तर पुळ्याला जाऊन येऊ.”

मला रडू आलं. माइक बंद करून मी ते आवरलं.

रविवारी आरे-वारेच्या रस्त्याने मीही गणपतीपुळ्याला गेले. जाताना डावीकडची खिडकी धरा, समुद्र त्या बाजूला आहे. दर्शनाला तासभर लागला. त्या दोघांसाठी काही मागावं असं वाटलं, पण बाईंनी स्वतः मागणं सोडलं असेल तर मी मध्ये कशाला पडू? नुसता नमस्कार केला आणि बाहेर येऊन दोन मोदक खाल्ले.

सोमवारी पुण्यात अर्ज भरायला घेतला. ‘निष्कर्ष कधी अपेक्षित?’ असा एक रकाना असतो. आजवरच्या प्रत्येक अर्जात मी तिथे ‘सहा महिन्यांत’ लिहीत आले आहे. या वेळी ‘माहीत नाही’ लिहिलं आणि पाठवून दिलं.

दुपारी सचिवांचा फोन आला. “अहो, असं लिहून मुदतवाढ मिळेल असं वाटतं का तुम्हाला?”

मी म्हटलं, “माहीत नाही.”