चाचांचा डावा पाय

आमच्याकडे पहिली मोटार आली तेव्हा ती दहा-बारा वर्षांची होती. खंडाळ्याला बंगला असलेल्या एका पारशी गृहस्थांनी नवी घेतली आणि जुनी माझ्या यजमानांना दिली. यजमान लोणावळ्यात डॉक्टर. औंढ्यापासून कामशेतपर्यंतची गावं आणि दर बुधवारी घाट उतरून खोपोली, असा त्यांचा फेरा असे. इतकी वर्षं तो टांग्यातून व्हायचा. मोटार आली तेव्हा ज्यांचा टांगा होता त्यांनाच ती चालवायला शिकवून ड्रायव्हर केलं. ते मावळातलेच मुसलमान, पन्नाशी ओलांडलेले. सगळे त्यांना चाचा म्हणत, मीही म्हणे. त्यांनी टांगा मोडला, घोडी विकली. मोटारीवरचं काम सुटलं असतं तर त्यांना मागे फिरायला जागा उरली नव्हती.

आणि ते सुटायची वेळ वर्षाच्या आतच आली. कारण एकच, क्लच.

त्या मोटारीचा क्लच चामड्याचा होता. इंजिनाला जोडलेलं एक जड चाक असतं, त्याच्या पोटात वाटीसारखा खोलगट भाग असतो. त्या वाटीत घट्ट बसणारा एक शंकूसारखा तुकडा, आणि त्याच्या कडेभोवती रिव्हेटांनी ठोकलेला चामड्याचा पट्टा. जाड स्प्रिंग हा तुकडा वाटीत दाबून धरते, चामडं चाकाला पकडतं आणि गाडी चालते. डाव्या पायाने पेडल दाबलं की तुकडा सुटतो आणि इंजिन एकटंच फिरत राहतं. हे मला काही पहिल्या दिवशी कळलं नव्हतं. दुसरं चामडं जळलं तेव्हा मी मिस्त्रीच्या डोक्याशी उभी राहून समजून घेतलं.

ते दुसरं चामडं बुधवारी, घाट चढताना, अर्ध्या वाटेत गेलं. यजमान एका लॉरीत बसून घरी आले. चाचा गाडी बैलांनी ओढवून दुसऱ्या दिवशी पोचले.

"चाचा, आता बसवतोय ते तिसरं चामडं," यजमान म्हणाले. "हेही जाळलंत तर मला दुसरा माणूस बघावा लागेल. पेशंट काही माझ्यासाठी थांबून राहत नाहीत."

"सायेब, चामडंच खराब आलं आसंल."

"दोन्ही वेळा?"

 चाचांनी टोपी काढून हातात धरली आणि परत घातली.

मला चाचांची दया आली म्हणून मी यात पडले असं नाही. मला एक हिशेब लागत नव्हता. पारशी गृहस्थांकडे एकच चामडं पाच वर्षं टिकलं होतं. गाडी तीच आणि घाटही तोच. मग आमच्याकडे येऊन चामड्याला झालं काय? यजमानांना विचारलं तर म्हणाले, "म्हातारा माणूस, जमत नाही." पण चाचा गाडी जपून चालवत. खड्डा दिसला की बैलगाडीइतके हळू होत. धसमुसळेपणा म्हणावा तर तो त्यांच्यात नावाला नव्हता.

जळलेला पट्टा मिस्त्रीकडून मागून घेतला, वर्तमानपत्रात गुंडाळला आणि बाजारातल्या आबांकडे गेले. आबा वहाणा शिवत. आमच्या क्लचचं नवं चामडंही तेच कापून देत.

"बाई, ह्ये काय वहाणंला लावायचं?"

"नाही आबा. हे मोटारीतलं. हे कशानं मेलं तेवढं सांगा."

आबांनी पट्टा नाकाशी नेला, वाकवला. तो पापडासारखा मोडला. मग अंगठ्याने वरचा भाग घासून पाहिला. "लय तापलंय. तापून वाळलं, आन् वाळून काचंवानी झालं."

"हिसका बसला असेल का? जोराचा?"

"छ्या. हिसका बसला आसता तर ही भोकं फाटली आसती. बगा, कशी गोल हाइत. ह्ये घासलंय बाई. वाईच वाईच, पन दिसभर. पाय फरफटत चालणाऱ्याची टाच बगितलीया? तशी गत."

"पण घासतंय कोण?"

"त्ये मला नका इचारू. मी आपला वहाणा करतो."

दुसऱ्या दिवसापासून मी फेऱ्यांना बरोबर निघाले आणि पुढे, चाचांच्या शेजारी बसायला लागले. यजमानांना सांगितलं की मागे बसलं की मळमळतं. ते स्वतः मागे बसले की गाडी हलताच झोपी जात. दोन दिवस मी रस्त्याकडे आणि चाचांच्या हातांकडे बघत होते. त्यात बघण्यासारखं काहीच नव्हतं. तिसऱ्या दिवशी कामशेतहून येताना माझी पिशवी पायाशी पडली. ती उचलायला वाकले तेव्हा त्यांचे पाय दिसले. उजवा पाय आपलं काम करत होता. रस्ता सपाट, सरळ. गिअर बदलायचं काही कारण नव्हतं. तरी डावा पाय पेडलवर ठेवलेला होता. दाबलेला नव्हता, नुसता टेकलेला. लोणावळा येईपर्यंत तो तिथून हलला नाही.

"चाचा, हा डावा पाय काय करतोय?"

"काय न्हाई करत बाई. बसलाय."

"मग खाली का नाही बसत?"

चाचा हसले. "लगाम कुनी खाली ठिवतं का? घोड्याच्या तोंडाशी आपला हात लागून ऱ्हायला पायजे. वडायचा न्हाई, पन सोडायचाबी न्हाई. घोड्याला कळतं, मागं मानूस हाय. सोडला का घोडं त्याच्या मनाचं."

तीस वर्षं हाताने जे केलं होतं, ते आता पाय करत होता. लगाम गेला आणि त्या जागी पेडल आलं, इतकंच.

"पण तुमच्या पायाचा भार पेडलवर पडतो, चाचा. स्प्रिंगचा जोर तेवढा कमी होतो. चामडं नीट पकडत नाही, घसरत राहतं आणि तापतं."

"आवो भार कुटला? नुसतं टेकवलंय."

हे वाद घालून मिटणार नव्हतं. दवाखान्यात तान्ह्या मुलांचं वजन करायचा काटा होता. तो मी ओसरीवर आणला, चाचांना खुर्चीवर बसवलं आणि म्हटलं, आता पेडलवर टेकवता तसाच नुसता पाय टेकवा. त्यांनी अगदी अलगद टेकवला. काटा एका चांगल्या गुटगुटीत, नुकत्या जन्मलेल्या मुलाच्या वजनावर जाऊन थांबला.

चाचा काट्याकडे बघत राहिले. पाय उचलला, पुन्हा टेकवला. काटा पुन्हा तिथेच.

"दिवसभर त्या पेडलवर एक मूल बसवून हिंडता तुम्ही," मी म्हटलं.

"आयला," चाचा म्हणाले आणि लगेच, "माफ करा बाई."

मोडक्या पाटाची एक फळी होती. ती तिरकी कापून पेडलच्या डाव्या बाजूला मोटारीच्या तळाशी ठोकली. डाव्या पायाची जागा ही. पण तीस वर्षांची सवय फळी ठोकून जात नाही. पाय हळूच परत पेडलवर यायचा. मग मी म्हणायची, "चाचा, मूल उचला." आणि पाय फळीवर जायचा.

मला वाटलं, प्रश्न सुटला. पण औंढ्याच्या वाटेवरच्या एका चढाला पुन्हा तोच जळका वास आला. थोडासा, पण आला. या वेळी मी नीट पाहिलं. चढ लागला, इंजिन दमलं, धडधडायला लागलं, तरी चाचा वरचा गिअर सोडेनात. अगदी बंद पडायच्या बेताला आलं की क्लच अर्धवट दाबून इंजिनाला जरा मोकळं करायचे, आणि तसंच चामड्याला घासत गाडी वर ओढायचे.

"खालचा गिअर का नाही टाकत?"

"वरडतो बाई. लय वाईट वरडतो. जनावर आसं वरडलं तर मानूस खाली उतरंल."

ओरडायचा हे खरं होतं. दातावर दात घासल्यासारखा आवाज अंगावर काटा आणायचा. वरचा गिअर टाकताना तो येत नसे, खालचा टाकतानाच येई. असं का?

गाडीबरोबर पारशी गृहस्थांनी एक इंग्रजी पुस्तिका दिली होती. माझं इंग्रजी पाचवीपर्यंतचं. शब्दकोश घेऊन बसले. क्लचचं चामडं गुळगुळीत होऊन घसरू लागलं तर त्यावर मुलतानी माती भुरभुरावी, असं त्यात निघालं. मी केसांना लावते तीच माती. एक पुडी गाडीत टाकून दिली. आणि गिअरबद्दल निघालं ते असं: क्लच दाबा, गिअर मधल्या मोकळ्या जागी आणा, क्लच सोडा, इंजिन थोडं जोरात फिरवा, पुन्हा क्लच दाबा, मग खालचा गिअर टाका.

पुस्तिकेत कसं करायचं ते होतं, का करायचं ते नव्हतं. आणि का कळल्याशिवाय माझ्या डोक्यात काही राहत नाही. गाडी हळू झालेली असताना इंजिन जोरात कशाला फिरवायचं? हे मी चाचांना विचारलं. ते तेव्हा रेडिएटरमध्ये पाणी ओतत होते. कळशी पूर्ण रिकामी करून त्यांनी ती खाली ठेवली.

"बाई, चालत्या टांग्यात कुनी चढतं तवा काय करतं? हुब्यानं उडी टाकली तर आपटतं. आदी चार पावलं टांग्यासंगं पळतं, मंग पाय ठिवतं. ह्ये तसंच आसंल. चाकं पळत्यात आन् इंजन मागं पडलंय. आदी त्येला पळवायचं, मंग चढवायचं."

पुस्तिकेतल्या दोन पानांपेक्षा हे मला जास्त पटलं. खालच्या गिअरला त्याच वेगासाठी इंजिन जास्त फिरावं लागतं. ते आपण आधीच फिरवून ठेवलं तर दात एकमेकांत अलगद बसतात. नाही फिरवलं तर आपटतात आणि ओरडतात.

सकाळचे फेरे सुरू व्हायच्या आधी, यजमान उठायच्या आत, आम्ही वळवणच्या रस्त्यावर जाऊ लागलो. आधी चाचा, मग मी. मलाही करून बघायचंच होतं. पहिले आठ दिवस गिअरने असा काही आकांत मांडला की गवताचे भारे घेऊन जाणारी एक मावशी रस्त्यातच थांबली. "आगं बाई, मारतीस का काय तिला?" तिने मला विचारलं. आणि चाचांना म्हणाली, "तुमी शेजारी बसून नुसतं बगताय व्हय?"

"मी मारतो तवा याच्याहून वरडती, मावशी," चाचा म्हणाले.

पंधराव्या की सोळाव्या दिवशी, कधी ते नेमकं आठवत नाही, चाचांच्या हातून गिअर खाली गेला आणि काहीही आवाज झाला नाही. आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. त्यांनी लगेच पुन्हा करून पाहिलं, ते साफ चुकलं. मग पुन्हा जमलं.

यजमानांना आम्ही यातलं काही सांगितलं नव्हतं. पुढच्या बुधवारी मी खोपोलीला बरोबर निघाले. यजमान म्हणाले, "घाटात मळमळेल." मी म्हटलं, पुढे बसते ना. ते एकटेच मागे बसले. त्यांचं डोकं तिसऱ्या चामड्यातच होतं. उतरताना दोनदा त्यांनी वाकून पुढचा वास घेतला.

परतताना दुपार झाली. मागे बाटल्यांची पेटी होती. पहिली दोन वळणं नीट गेली. तिसऱ्याला मला चाचांचा पाय सरकताना दिसला.

"चाचा, मूल उचला."

"कुठलं मूल?" यजमान मागून म्हणाले.

कोणी उत्तर देण्याआधीच वास आला. जळक्या चामड्याचा, ओळखीचा, चांगला दाट.

"आला," यजमान म्हणाले. "थांबवा गाडी. संपलं."

चाचांनी गाडी कडेला घेतली आणि हाताचा ब्रेक ओढला. उतरून चाकामागे दगड लावला. त्यांचा चेहरा उतरलेला होता. "सायेब, पाय फळीवर व्हता," ते म्हणाले. "बाईंना इचारा. येकदा सरकला, पन लगीच उचलला."

मी तळातलं झाकण काढलं आणि क्लचवर नाक नेलं. गरम होता, पण वास तिथे नव्हता. उभी राहिले तर वास पुन्हा जोरात आला. वारा वरच्या बाजूने येत होता.

"हा आपला नाही," मी म्हटलं. "वर कोणाचा तरी आहे."

पुढचं वळण चालत चढून आम्ही पाहिलं. तिथे एक मोटार आडवी उभी. तळातून निळसर धूर निघत होता. मागच्या बाकावर एक शेटजी नाकाला रुमाल लावून बसले होते, आणि ड्रायव्हर, तिशीचा माणूस, घाबरून स्टिअरिंगचं चाक धरून बसला होता. चाचा त्याच्याजवळ गेले. चाकाकडे पाहिलं नाही, धुराकडे पाहिलं नाही. आधी खाली पाहिलं. गाडी बंद होती तरी त्याचा डावा पाय पेडलवर टेकलेला होता.

"काय रं, मोटारीआदी टांगा व्हता का तुजा?"

"व्हय. तळेगावला. तुमी कसं वळखलं?"

"माजाबी व्हता. पाय उचल तो. त्येच्यावर मूल बसलंय."

मग त्यांनी त्याला सगळं सांगितलं, लगामाचं, काट्याचं, चालत्या टांग्यात चढणाऱ्या माणसाचं. चामडं निवू दिलं, मी मुलतानी मातीची पुडी आणून दिली. ती भुरभुरून झाल्यावर खालचा गिअर टाकून त्याची गाडी हळूहळू वर लागली. शेटजींनी रुमाल काढून आमच्याकडे एकदा पाहिलं. यजमान हात मागे बांधून सगळा वेळ ऐकत उभे होते.

आमच्या गाडीत बसल्यावर म्हणाले, "चला चाचा, उशीर होतोय."

वळण संपलं आणि घाटातला सगळ्यात उभा चढ समोर आला. यजमान पुढे वाकले.

"चाचा, इथे गिअर बदला हं. नाहीतर दमेल."

"बदलला सायेब," चाचा म्हणाले. "मगाशीच."

यजमान मागे टेकले. दुसऱ्या माणसाची गोष्ट त्यानंतर त्यांनी काढली नाही. लढाईत पेट्रोल मिळेनासं झालं आणि आम्ही गाडी विकली, तोवर आत ते तिसरंच चामडं होतं.